मताचं वजन

स्टीमिटवर प्रत्येक लेखकाच्या नावाशेजारी एक आकडा छापलेला असे. नव्यानं आलेल्याचा आकडा 25. नेमानं लिहिणारा काही महिन्यांत पन्नाशीच्या आसपास पोचे, आणि सत्तरी गाठलेलं नाव दिसलं की लोक त्याच्या लेखाखाली शब्द जपून वापरत. हा आकडा म्हणजे त्या माणसाची प्रतिष्ठा, असं खुद्द ती व्यवस्थाच सांगे. त्याच्या खात्यात डोकावलं की त्याची पुंजी किती, त्यानं आज कुणाला मत दिलं, त्या मताचे किती पैसे झाले, त्याला नेहमी कोण मत देतं, हे सगळं जगातल्या कुणालाही वाचता येई. एरवी माणसाचं वजन आपण अंदाजानं ओळखतो. बैठकीत तो कुठे बसतो, कुणाचा फोन लगेच उचलला जातो, कोण बोलायला लागलं की बाकीचे गप्प होतात, यावरून. इथे ते वजन लिहून ठेवलेलं होतं. ते कसं मिळे, कोण ते विकत घेई आणि 2020 च्या मार्चमध्ये ते एकाएकी कसं उलटलं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

स्टीम हे मूळ ब्लॉकचेनचं, म्हणजे सगळ्यांना वाचता येणाऱ्या नोंदींच्या साखळीचं, नाव. स्टीमिट हे त्यावरचं संकेतस्थळ आणि ते चालवणारी अमेरिकी कंपनीही. नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर या दोघांनी ते उभं केलं आणि साखळी 24 मार्च 2016 रोजी सुरू झाली. लॅरिमरनं त्याआधी बिटशेअर्स ही साखळी उभारली होती. 2017 मध्ये तो इथून बाहेर पडला आणि ईओएस या नव्या साखळीच्या कामाला लागला. फेसबुकवर लिहितात लोक आणि जाहिरातीचा पैसा जातो कंपनीकडे, हे दोघांना खुपत होतं. स्टीमवर जाहिरातीची गरजच ठेवली नव्हती. साखळी सतत नवी नाणी पाडे, त्यांतला मोठा वाटा लेखकांसाठी आणि मत देणाऱ्यांसाठी बाजूला काढे, आणि कुणाच्या लेखाला किती मत पडलं यावरून वाटून टाके. पहिलं वाटप 4 जुलै 2016 ला झालं. एखाद्या साध्याशा लेखाला हजारो डॉलर मिळाल्याचं लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आणि झुंबड उडाली.

मत मात्र फुकटचं नव्हतं. नाणी 'स्टीम पॉवर'मध्ये कुलूपबंद करावी लागत आणि जितकी पॉवर तितकं मताचं वजन. कुलूप काढायचं म्हटलं तर सुरुवातीला 104 आठवडे लागत. 2016 च्या अखेरीस ती मुदत 13 आठवड्यांवर आली आणि दर आठवड्याला एक हप्ता हाती पडू लागला. यामागचा विचार मला आजही रास्त वाटतो. ज्याचा पैसा अडकला आहे तो उद्याचा विचार करील, आज लुटून पळणार नाही. लोकांनी मग जलचरांच्या नावांनी श्रेणी लावली. तळाला रेडफिश, त्यावर मिनो, मग डॉल्फिन, ओर्का, आणि सर्वांत वर व्हेल. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दहापट. 2018 च्या सुमारास मिनो व्हायला साधारण पाचशे पॉवर लागे आणि व्हेल व्हायला पाच लाख. मिनोच्या पूर्ण ताकदीच्या मतानं लेखात काही सेंटांची भर पडे. व्हेलनं तेच बटण दाबलं की लेखकाचा महिना सुटे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे सहकार आठवल्याशिवाय राहणार नाही. आपल्याकडे 1960 च्या सहकारी संस्था कायद्यानं तत्त्व घालून दिलं आहे: शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. आपल्या साखर कारखान्यांत आणि पतपेढ्यांत हे तत्त्व किती पाळलं गेलं आणि किती वाकवलं गेलं यावर पुष्कळ लिहून झालं आहे, पण तत्त्व तरी तसं आहे. मग स्टीमनं ते का घेतलं नाही? कारण सहकारी संस्थेला सभासद कोण हे माहीत असतं, ब्लॉकचेनला माहीत नसतं. तिथे एक माणूस संध्याकाळपर्यंत हजार खाती उघडू शकतो. 'एक माणूस, एक मत' म्हणायचं तर आधी माणूस ओळखावा लागतो, आणि कुणाचीही ओळख न विचारणं हीच तर या साखळ्यांची प्रतिज्ञा. मग हजार खात्यांत वाटला तरी वाढत नाही असं मोजायला उरतं काय, तर पैसा. पैशाला मत देण्याचा निर्णय लोभापोटी झाला असं समजणारे टीकाकार ही अडचण विसरतात. निर्णय अडचणीतून झाला, पण त्याचे परिणाम चुकले नाहीत.

सगळ्यांत बोलका परिणाम सूत्राच्या एका घातांकात दिसतो. पहिल्या सव्वा वर्षात लेखाचं बक्षीस त्यावर पडलेल्या एकूण वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात ठरे. एका लेखावर शंभर पॉवरचं मत पडलं आणि दुसऱ्यावर हजारचं, तर दुसऱ्याला दहापट नव्हे, शंभरपट मिळे. एकट्यानं स्वतःलाच मत देत बसण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून चांगल्या लेखाला उचलावं, हा हेतू. घडलं असं की ज्या लेखाला व्हेल शिवला नाही त्याला जवळपास काहीच मिळालं नाही. लहान खात्यांची शेकडो मतं पडूनही रकमेचा काटा हलत नसे. जून 2017 मध्ये सूत्र सरळ प्रमाणावर आणलं गेलं, दिवसाला पूर्ण ताकदीची दहाच मतं परवडतील अशी बेतबंदी झाली, आणि पहिल्यांदाच मिनोच्या मताला डोळ्यांना दिसेल अशी किंमत आली. लोक हरखून गेले. पण आता मताची किंमत सरळ मोजता येऊ लागली होती, आणि जे सरळ मोजता येतं ते विकताही येतं.

तो बाजार कसा चाले हे जवळून पाहण्यासारखं आहे. बॉट, म्हणजे आपोआप मत देणारी संगणकप्रणाली, चालवणारा मोठ्या खातेदारांकडून पॉवर उसनी घेई. पॉवर मालकाचीच राही, मत देण्याचा हक्क तेवढा बॉटकडे जाई. पूर्ण ताकदीचं एक मत खर्च झालं की ते भरून यायला 2.4 तास लागतात, म्हणून बॉटची फेरी 2.4 तासांची. त्या अवधीत ज्यांना मत हवं ते थोडी नाणी बॉटला पाठवत आणि सोबतच्या चिठ्ठीत आपल्या लेखाचा पत्ता लिहीत. फेरी संपली की बॉट आपलं मत बोली लावणाऱ्यांत रकमेच्या प्रमाणात वाटून टाके. लेख उघडलाही जात नसे. पॉवर उसनी देणाऱ्याला रोजच्या रोज भाडं मिळे. 2018 पर्यंत 'ट्रेंडिंग'चं पान, म्हणजे नव्या माणसाला आल्या आल्या दिसणारं दर्शनी पान, बऱ्याच अंशी अशा विकतच्या मतांनी भरलेलं असे. जाहिरातीशिवाय चालणाऱ्या माध्यमाच्या दारावर जाहिरातीच लागल्या होत्या, फक्त त्या लेखांच्या रूपात.

प्रतिष्ठेच्या आकड्याचंही हेच झालं. तो आकडा लघुगणकी मोजमापाचा. नऊ गुण वर चढायचं म्हणजे दहापट वजनाची मतं मिळवायची. त्यात दोन नियम फार विचारपूर्वक घातलेले होते. स्वतःची प्रतिष्ठा शून्याखाली गेलेल्याला दुसऱ्याच्या प्रतिष्ठेला हात लावता येत नसे, आणि आपल्यापेक्षा वरच्याची प्रतिष्ठा खाली खेचता येत नसे. पण आकडा वाढायचा तो मतांच्या वजनानं, आणि वजन तर बाजारात मिळत होतं. पियरे बूर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं पैसा, ओळखीपाळखी आणि मान ही निरनिराळी भांडवलं असून ती एकमेकांत बदलून घेता येतात, असं मांडलं होतं. बदलण्याला वेळ लागतो, कष्ट पडतात आणि बदल झाकून ठेवावा लागतो, म्हणूनच मानाला मान राहतो. स्टीमवर हा बदल दर 2.4 तासांनी जाहीर होई. विकत घेतलेली प्रतिष्ठा सगळ्यांना विकतची म्हणूनच दिसत होती, तरी लोक ती घेत राहिले, कारण आकडा तर वर जात होता. या गोष्टीचा उलगडा करायला मी दुसरं प्रकरण सबंध खर्ची घातलं आहे.

स्टीमच्या मूळ श्वेतपत्रिकेत खेकड्यांच्या बादलीची गोष्ट आहे. एक खेकडा वर चढू लागला की बाकीचे त्याला खाली ओढतात, म्हणून बादलीला झाकण लागत नाही. मराठी माणसाला ही गोष्ट नव्यानं सांगायला नको. आपण ती आपल्यावरच सांगत आलो आहोत. श्वेतपत्रिकेत ती आली ती उलट्या, म्हणजे लेखाची कमाई कमी करणाऱ्या, मताच्या समर्थनासाठी. कुणी आपल्याच लेखांना मत देऊन सामाईक तिजोरीतून जास्तीचं उचलू लागला, तर इतरांनी त्याला खाली खेचावं आणि समतोल राखावा. कागदावर हे नीट बसतं. प्रत्यक्षात उलटं मत द्यायला आपलीच ताकद खर्च होई, मोबदला काही नाही, आणि समोरचा मोठा असेल तर तो आपल्या सगळ्या लेखांवर सूड उगवी. साहजिकच लहानांनी व्हेलला खाली ओढणं जवळजवळ घडलंच नाही. व्हेल-व्हेलमध्ये मात्र महिनोन्‌महिने युद्धं झाली आणि त्यात मधले चिरडले गेले. ऑगस्ट 2019 च्या फेरबदलात उलट्या मतांसाठी वेगळी, फुकट ताकद राखून ठेवली गेली आणि लेखक-मतदार वाटणी पंच्याहत्तर-पंचवीसवरून निम्मी-निम्मी झाली. विकतच्या मतांचा धंदा त्यानंतर आटला. मला या फेरबदलाचं मोल फार वाटतं, फक्त तो दोन वर्षं उशिरा आला.

हे सगळं ज्यांच्या पोटावर येत होतं त्यांची आठवण ठेवली पाहिजे. स्टीमवर कोरियन लेखक मोठ्या संख्येनं होते, नायजेरियातले होते, आणि व्हेनेझुएलातले तर फारच. व्हेनेझुएलात त्या काळात चलन इतकं कोसळलं होतं की किमान मासिक वेतन मोजक्या डॉलरांवर आलं होतं. अशा घरात एका लेखाचे दोन डॉलर म्हणजे आठवड्याचा बाजार. लेखांचे पैसे सात दिवसांनी पक्के होत. सातव्या दिवशी एखाद्या बड्या खात्यानं रागाच्या भरात उलटं मत टाकलं की तो बाजार बुडे. दूरच्या दोन धनवानांच्या भांडणाचा चटका असा थेट चुलीपर्यंत पोचत होता. समाजमाध्यमावरचा 'प्रभाव' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. इथे त्याचा अर्थ कुणाच्या घरी पीठ येतं की नाही, इतका उघडा होता.

आणि तरीही पैशाबाहेरचं वजन तिथे होतं. 'क्युरी' नावाच्या गटाचे लोक रोज शेकडो लेख चाळून कमी प्रतिष्ठेच्या, अनोळखी लेखकांचे चांगले लेख हुडकत, आणि त्यांच्या शिफारशीमागे मोठ्या खात्यांची मतं जात. शिफारस करणाऱ्यांतल्या बहुतेकांची स्वतःची पॉवर जेमतेम असे. त्यांच्या शब्दाला वजन होतं ते त्यांनी मन लावून वाचलेलं असे म्हणून. विज्ञानाच्या लेखांसाठी 'स्टीमस्टेम' होतं, मुक्त स्रोत सॉफ्टवेअरसाठी 'युटोपियन', आणि चोरलेला मजकूर पकडणारा 'चीता' नावाचा बॉट, ज्याची एका ओळीची टिप्पणी भल्याभल्यांना घाम फोडी. 2016 ते 2019 अशी चार वर्षं अॅम्स्टरडॅम, लिस्बन, क्राकूव आणि बँकॉक इथे स्टीमफेस्ट भरलं. टोपणनावांनी भांडणारी माणसं तिथे एका टेबलावर जेवली. या ओळखींचा आकडा कुठल्याच खात्यात दिसत नव्हता. तो दिसला 2020 मध्ये.

ती हकीकत समजायला साक्षीदार म्हणजे काय ते ठाऊक हवं. स्टीमची साखळी वीस निवडलेले आणि एक आळीपाळीनं येणारा, असे एकवीस साक्षीदार चालवतात; दर तीन सेकंदांनी त्यांतला एक जण नवा ब्लॉक लिहितो. निवड पुंजीच्या वजनानं होते, आणि प्रत्येक खात्याला तीस जणांना मत देता येतं, तेही तिसांनाही पुरं वजन. म्हणजे ज्याच्याकडे इतर सगळ्यांहून थोडंसं जास्त वजन, तो वीसच्या वीस जागा घेऊ शकतो. एका प्रचंड खात्याचा मालक कोण हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही, पण त्याच्या मतावर साक्षीदारांच्या जागा ठरत. कंपनीकडे याहून मोठा साठा होता. पहिल्या दिवसांत बाहेरचे फारसे कुणी नसताना तिनं खाणकाम करून तो जमवला होता. हा पैसा विकासाला वापरू, त्यानं मत देणार नाही, असं आश्वासन होतं. कराराचा कागद नव्हता.

14 फेब्रुवारी 2020 ला ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या जस्टिन सननं स्टीमिट कंपनी विकत घेतल्याचं जाहीर झालं आणि एकूण नाण्यांच्या सुमारे पाचव्या हिश्श्याचा तो साठा त्याच्या हाती गेला. दहा दिवसांच्या आत साक्षीदारांनी संगणकप्रणालीत बदल करून तो साठा गोठवला. 2 मार्चला सननं प्रत्युत्तर दिलं. बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या नाणेबाजारांनी ग्राहकांनी त्यांच्याकडे ठेवलेली नाणी कुलूपबंद करून त्याच्या बाजूनं मतं टाकली, आणि काही तासांत वीसच्या वीस साक्षीदार बदलले. ज्यांची नाणी होती त्यांना पत्ताही नव्हता, आणि नाणी आता तेरा आठवडे अडकली होती. ओरड झाल्यावर बायनान्सच्या प्रमुखांनी आपल्याला हा नेहमीचा तांत्रिक बदल वाटला असं सांगितलं आणि मतं काढून घेतली. पुढचे दिवस जगभरातले सभासद रात्री जागून एकमेकांना मतं कशी द्यायची ते समजावत होते. काही जागा परत मिळाल्या. साखळीचे नियम बदलायला सतरा साक्षीदार लागतात आणि सतरा कुणाकडेच नव्हते.

20 मार्च 2020 ला समुदायातल्या मोठ्या गटानं साखळीची प्रत काढून 'हाइव्ह' सुरू केली. सगळ्यांची शिल्लक जशीच्या तशी आली, कंपनीचा साठा तेवढा आला नाही. सनच्या बाजूनं मत देणाऱ्या काही खात्यांनाही वगळलं गेलं. दोन महिन्यांनी स्टीमच्या नव्या साक्षीदारांनी 64 खात्यांतली 2 कोटी 36 लाख नाणी नियम बदलून काढून घेतली. पुढे कुणा अज्ञातानं ती एका बाजाराकडे पाठवून दिली. पहिलं गोठवणं आणि ही जप्ती एकाच तराजूत घालणारे लोक आहेत. मी घालत नाही. कंपनीचा साठा आश्वासनानं बांधलेला होता, या 64 खात्यांतले पैसे लोकांचे होते. पण पहिल्या निर्णयातही मूठभर माणसांनी बंद दाराआड दुसऱ्याची मालमत्ता अडवली, हे मी झाकून ठेवणार नाही. पाचव्या प्रकरणात दोन्ही बाजूंची कैफियत पूर्ण दिली आहे.

हाइव्हनं यातून एक नेमका धडा घेतला. आज नव्यानं कुलूपबंद केलेल्या नाण्यांनी तिथे साक्षीदारांना लगेच मत देता येत नाही, तीस दिवस थांबावं लागतं. सव्वा वर्षानं, जून 2021 मध्ये, मत पहिल्याच मिनिटांत टाकलं म्हणून जास्त मोबदला मिळणंही बंद झालं. पहिल्या चोवीस तासांतली मतं सारखीच धरली जातात. वाचायला वेळ मिळावा म्हणून केलेला हा बदल मला सगळ्यांत आवडतो. त्याआधी दहा मिनिटांच्या वाचनाच्या लेखावर पहिल्या काही मिनिटांतच बॉटांची मतं येऊन पडत. पण व्हेल हाइव्हवरही आले, आपल्या शिलकीसकट. पुंजीचं वजन बदललं नाही. त्यानं कुठवर चालावं याला कुंपण घातलं गेलं.

भारतातल्या लेखकांसाठी हा काळ दुहेरी कोंडीचा होता. रिझर्व्ह बँकेनं 6 एप्रिल 2018 च्या परिपत्रकानं बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. नाणी लिहून मिळवता येत होती, रुपये करणं अवघड झालं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते परिपत्रक 4 मार्च 2020 ला रद्द केलं, म्हणजे स्टीमवरच्या त्या सत्तांतरानंतर दोनच दिवसांनी. दार उघडलं तेव्हा आतली गादी दुसऱ्याच्या ताब्यात होती, आणि 2018 च्या जानेवारीत सात डॉलरच्या वर गेलेलं नाणं एका डॉलरच्या चौथाईखाली आलं होतं. 2022 पासून अशी नाणी विकून झालेल्या मिळकतीवर तीस टक्के कर आहे.

स्टीमनंतरही असे प्रयोग थांबलेले नाहीत. 2021 मध्ये बिटक्लाउटनं ट्विटरवरच्या सुमारे पंधरा हजार नामांकितांची पानं त्यांना न विचारता आपल्याकडे उभी केली आणि प्रत्येकाच्या नावाचं नाणं विकायला काढलं. ऑगस्ट 2023 मध्ये फ्रेंड टेकनं माणसाशी बोलण्याच्या 'किल्ल्या' विकल्या. किल्लीची किंमत विकल्या गेलेल्या किल्ल्यांच्या वर्गाप्रमाणे चढे आणि लोक निघू लागले की तशीच घसरे. वर्षभरात तिथे शुकशुकाट झाला. स्टीमनं माणसाच्या मताला किंमत लावली होती, यांनी माणसालाच. या दोघांवर मी फार पानं खर्च केलेली नाहीत, कारण तिथे समाज तयार होण्याआधीच बाजार संपला. स्टीमवर समाज तयार झाला होता, म्हणून तो घर सोडून जाऊ शकला.

वाचकांना एक विनंती. नाण्यावर चालणारं असं एखादं नवं जाळं घेऊन उद्या कुणी तुमच्याकडे येईल आणि लोक महिन्याला किती कमावतात त्याचे आकडे दाखवील. तुम्ही त्याला दुसरे आकडे विचारा. सुरुवातीची नाणी कुणी घेतली, पहिल्या वीस खात्यांकडे मताचं किती वजन आहे, वजन उसनं देता येतं का, आणि आज आलेला पैसा आजच मत देऊ शकतो का. सार्वजनिक साखळीवर या प्रश्नांची उत्तरं फुकट वाचायला मिळतात. ती कशी वाचायची हे शेवटच्या प्रकरणात पायरीपायरीनं दिलं आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी ते प्रकरण आधी वाचावं.